ऑपरेशननंतरचं दुखणं आणि सुया : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर लिहिलं आणि त्यावर आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल निघाली, ती म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. घ्यावं का, कधी घ्यावं, खरंच उपयोग होतो का की नुसतं वाटतं. मी मुळात भूलतज्ज्ञ, पण गेली बरीच वर्षं पेन क्लिनिकमध्ये पेशंटना सुयाही लावते, त्यामुळे गोळी आणि सुई दोन्ही माझ्याच टेबलावर असतात. यातलं पहिलं पत्र घाईचं होतं म्हणून तेच आधी घेतलंय.

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. पहिले चार-पाच दिवस दुखणं कमी होत होतं पण परवापासून ठणका वाढलाय, टाक्यांच्या बाजूची कातडी लाल झालीये आणि रात्री अंगात कसकस वाटते म्हणतात. गोळ्यांचा त्यांना कंटाळा आलाय म्हणून अ‍ॅक्युपंक्चर सुरू करावं असं घरात चाललंय. कुठल्या पॉइंटवर सुया लावतात?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन करून सर्जनकडे जायला सांगितलं होतं, पण बाकीच्यांनाही कळावं म्हणून इथे छापतेय. ह्या दुखण्यावर सुई लावायचीच नाही. ऑपरेशननंतरचं दुखणं रोज थोडं थोडं उतरत गेलं पाहिजे, ते उतरता उतरता मध्येच परत चढायला लागलं, सोबत ताप, लाली, सूज, पू, वास यातलं काही असलं तर आत इन्फेक्शन होत असण्याची दाट शक्यता असते आणि तिथे दुखणं दाबून टाकणं म्हणजे दोन दिवस वाया घालवणं. हेच पोटरीबद्दल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर शिरेत गुठळी झाली असेल. पोट दगडासारखं कडक झालं, छातीत दुखलं, दम लागला, तर रात्र आहे की सुट्टी आहे हे न बघता हॉस्पिटल गाठायचं. पॉइंट वगैरे नंतर बघू.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आईचं (वय ६८) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन बारा दिवस झाले. जखम छान आहे असं सर्जन म्हणाले. पण ट्रामाडॉलची गोळी घेतली की तिला इतकी मळमळ होते की ती गोळी टाळते, गोळी टाळली की फिजिओ आला की रडते, आणि व्यायाम नीट झाला नाही म्हणून आम्ही सगळे तिला ओरडतो. ओळखीच्या एकांनी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलंय. नव्या गुडघ्यात सुया टोचलेल्या चालतात का? गोळ्या पूर्ण बंद करता येतील का?

उत्तर : ताई, आधी आईला ओरडणं थांबवा. तुम्ही सांगितलेला फेरा, म्हणजे गोळीने मळमळ, मग गोळी नको, मग दुखतं, मग व्यायाम नको, हा मी इतक्या घरांमध्ये बघितलाय की तो आईचा हट्ट नाही हे मी पेशंट न बघता सांगू शकते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखणं कमी करायचं ते एवढ्याचसाठी की गुडघा वाकवता यावा, सरळ करता यावा, चालता यावं आणि रात्री झोप लागावी. दुखणं शून्य होणार नाही, बाराव्या दिवशी तर नाहीच, आणि ते शून्य करायच्या मागे लागलं की गोळ्यांचा डोस वाढतच जातो. व्यायाम करता येईल इतपत दुखणं खाली आणायचं, बस.

आता सुया. गुडघा बदलल्यानंतर औषधाशिवायचे कुठले उपाय चालतात यावर २०१७ साली एक मोठा आढावा आला होता, ३९ चाचण्या आणि २३९१ पेशंट. त्यात इलेक्ट्रोथेरपी (म्हणजे बारीक करंट देऊन करायचा उपचार) आणि अ‍ॅक्युपंक्चर ह्या दोघांच्या बाबतीत असं दिसलं की मॉर्फिनच्या जातीची औषधं (आईचं ट्रामाडॉल त्यातलंच) थोडी कमी लागतात किंवा त्यांची गरज उशिरा पडते. थोडी, हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे सुया लावल्या आणि गोळ्या कचऱ्यात टाकल्या असं होत नाही. पण ज्या बाईला गोळीनेच मळमळतंय तिची दिवसाची एक गोळी जरी सुटली तरी तिच्यासाठी तो फरक फार मोठा असतो, हे आकड्यात दिसत नाही पण पेशंटच्या तोंडावर दिसतं.

नव्या गुडघ्यात सुई टोचायची का, तर नाही. सांध्याच्या आत तर कधीच नाही, आणि टाके पूर्ण भरेपर्यंत जखमेच्या आसपासही नाही. बसवलेल्या सांध्यात इन्फेक्शन शिरलं तर ते काढणं किती अवघड असतं ते सर्जनला विचारा, कधीकधी पूर्ण सांधा परत काढावा लागतो. चांगला अ‍ॅक्युपंक्चरिस्ट दुसऱ्या पायावर, हातावर, कानावर सुया लावतो आणि त्याने काम होतं. लोकांना हे विचित्र वाटतं, दुखतं इथे आणि टोचता तिथे, पण सुईचा संदेश मज्जारज्जू आणि मेंदूमार्गे जातो त्यामुळे लांबून लावलेली सुईही पोचते.

दुसरी गोष्ट, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध देतात आणि ते काही आठवडे चालतं. आईला ते चालू असणार. त्यावर सुया अगदीच बंद असं नाही, पण लावणाऱ्याला आधी सांगायचं, उथळ लावायच्या आणि काढल्यावर जागा दाबून धरायची, नाहीतर काळेनिळे डाग पडतात. आणि सर्जनला न सांगता काहीही सुरू करू नका, ते नाही म्हणाले तर का ते विचारा, त्यांच्याकडे कारण असतं.

वेळ कुठली घ्यायची हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, फिजिओ यायच्या तास-दीड तास आधी सुयांचं सेशन ठेवा. सुया लावून साधारण वीस-तीस मिनिटं पडून राहायचं असतं, नंतर बरेचदा सुस्ती येते, ती उतरली की अंग सैल झालेलं असतं तेव्हा व्यायाम. आणि तोवर मळमळीबद्दल सर्जनला आजच्या आज फोन करा, ट्रामाडॉलला पर्याय आहेत, डोस कमी करता येतो, पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला नेमाने दिलं तर वरची जड गोळी कमी लागते. आपल्याकडे दुखलं की गोळी घेतात, ऑपरेशननंतर मात्र दुखायच्या आधी घड्याळाप्रमाणे घ्यायची असते. बर्फाने शेकायलाही विसरू नका, कापडात गुंडाळून.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे, स्पष्ट विचारतो. हे सगळं मनाचे खेळ नाहीत का? अ‍ॅक्युपंक्चरवाले सांगतात ते ऊर्जेचे मार्ग वगैरे शरीर कापून बघितलं तर सापडत नाहीत. चीनमध्ये म्हणे फक्त सुया लावून ऑपरेशन करतात, ह्यावर तुम्ही भूलतज्ज्ञ असून विश्वास ठेवता?

उत्तर : प्रश्न अगदी योग्य आहे आणि असा विचारणारा पेशंट मला आवडतो. शेवटून सुरुवात करते. ती ऑपरेशनची गोष्ट पाश्चात्त्य जगात पसरली त्यात जेम्स रेस्टन ह्या पत्रकाराचा मोठा वाटा आहे. न्यूयॉर्क टाइम्सचे रेस्टन जुलै १९७१ मध्ये पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. लोक सांगतात की सुयांवर त्यांचं ऑपरेशन झालं. तसं झालंच नव्हतं. ऑपरेशन नेहमीसारखं इंजेक्शनने बधिर करून झालं. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांच्या पोटात गॅस धरून फार अस्वस्थ व्हायला लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी उजव्या कोपरापाशी आणि गुडघ्यांखाली तीन सुया लावल्या, जोडीला पोटाजवळ औषधी वनस्पतीची धग दिली, वीसेक मिनिटांचा कार्यक्रम, आणि तासाभरात पोट हलकं झालं असं त्यांनीच आपल्या पेपरात छापलं. म्हणजे मूळ गोष्ट ऑपरेशननंतरच्या त्रासाची, आणि सांगोवांगी ती भूल न देता केलेल्या ऑपरेशनची झाली. भूल न देता फक्त सुयांवर पोट उघडायला मी कोणालाही परवानगी देणार नाही.

आता रेस्टन यांचं पोट आपोआपही हलकं झालं असतं असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच आहे, एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून खोट्या सुया आल्या. नाटकात खंजीर मारला की पातं मुठीत सरकतं ना, तशी बोथट सुई, कातडीला टेकते, टोचल्यासारखी वाटते पण आत जात नाही. काही पेशंटना खरी, काहींना ही, आणि कोणाला कुठली ते पेशंटला सांगायचं नाही. अशा चाचण्यांमध्ये निघालेलं चित्र दोन्ही बाजूंच्या कट्टर लोकांना न आवडणारं आहे. खोट्या सुईनेही बऱ्यापैकी बरं वाटतं. खऱ्या सुईने त्याहून जास्त बरं वाटतं, पण तो फरक काही फार मोठा नाही. जुनाट दुखण्यावर वीस हजारांवर पेशंटची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही हेच दिसलं. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर २००८ साली १५ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा पहिल्या २४ तासांत सुयावाल्या गटाला मॉर्फिन सरासरी ८ मिलिग्रॅमने कमी लागलं होतं, आणि मळमळ, चक्कर, गुंगी, खाज, लघवी अडकणं हे सगळंही कमी होतं. मला ह्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

शरीरात काय होतं ते सगळं उलगडलेलं नाही पण काहीच माहीत नाही असंही नाही. १९७७ साली एक छान प्रयोग झाला. दातात मुद्दाम आणलेल्या कळीवर सुया लावून ज्यांना आराम पडला त्यांना नॅलोक्सोन दिलं, हे मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध, आणि आराम उतरला. म्हणजे सुईने शरीर स्वतःचंच मॉर्फिनसारखं रसायन सोडत असणार, ज्याला आपण एंडॉर्फिन म्हणतो. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत इतकं स्वच्छ उत्तर आलं नाही हेही खरं. सुयांना वायर जोडून बारीक करंट देतात त्यातही २ हर्ट्झला एक प्रकारची रसायनं सुटतात आणि १०० हर्ट्झला दुसरी, हे चिनी संशोधकांनी दाखवलंय. तुम्ही इंजिनिअर आहात, हे तुम्हाला पटेल.

ऊर्जेचे मार्ग मलाही कधी दिसले नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी त्यांना दिसलेलं त्यांच्या शब्दात मांडलं, मी पेशंटला माझ्या शब्दात सांगते, सुई मात्र तीच. आणि मनाचे खेळ म्हणाल तर दुखणं जाणवतं ते मेंदूतच, भीतीने ते वाढतं आणि कोणी शांतपणे अर्धा तास आपल्याजवळ बसलं की कमी होतं. त्याला मी खोटं म्हणणार नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. आधीच्या सिझेरियनच्या वेळी मला दोन दिवस उलट्या झाल्या, टाक्यांवर ताण येऊन जीव नकोसा झाला होता. मनगटावर दाबायचा एक पॉइंट असतो म्हणे, तो कुठे?

उत्तर : असतो, आणि अ‍ॅक्युपंक्चरमधली माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा असलेली गोष्ट हीच. त्याला पी-सिक्स म्हणतात. तळहात वर करा, मनगटाची घडी येते तिथे दुसऱ्या हाताची तीन बोटं, म्हणजे तर्जनी, मधलं आणि अनामिका, आडवी ठेवा. बोटांच्या कोपराकडच्या कडेला, हाताच्या मधोमध दोन दोऱ्यांसारख्या कंडरा (रक्ताच्या शिरा नव्हेत) लागतील (मूठ वळून मनगट थोडं वाकवलं की चटकन दिसतात), त्या दोघींच्या मधली खाच. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं, दुखेल इतकं नाही पण आत दडपण जाणवेल इतकं, मग दुसरा हात. सलाईन लावलेली असेल तो हात सोडून द्या. बटण असलेले पट्टे मिळतात तेही चालतात. ह्या एका पॉइंटवर २०१५ पर्यंत ५९ चाचण्या जमा झाल्या होत्या आणि मळमळ-उलटी खरोखर कमी होते असं दिसलं, उलटीच्या औषधांशी तुलना केली तर जवळजवळ तोडीस तोड. शक्यतो भूल देण्याच्या आधीपासून सुरू करा.

पण ह्यावर विसंबून भूलतज्ज्ञांना सांगायचं राहू नका! बाई असणं, सिगारेट न ओढणं, आधी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं मिळणं, ह्या चार गोष्टी आम्ही मोजतो. चारही असतील तर उलटीची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास जाते. तुमच्यात दोन-तीन तर आहेतच, हे आधी कळलं तर आम्ही भुलीची पद्धतच बदलतो.

अजून एक, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो. पोटात भरलेला गॅस छाती आणि पोटामधल्या पडद्याला चिडवतो आणि त्याची कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत जाते, थोडं थोडं चालत राहा. आधी माहीत नसलं की लोक घाबरतात.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, काखेतल्या गाठीही काढल्यात. रिपोर्ट सगळे चांगले आहेत. पण काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला आग होते, मध्येच करंट लागल्यासारखी चमक येते, ब्लाऊजची शिवणसुद्धा सहन होत नाही. रिपोर्ट चांगले असताना तक्रार करायला लाज वाटते. सुयांचा उपयोग होईल?

उत्तर : लाज अजिबात वाटून घेऊ नका ताई. कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या कितीतरी बायका हे दुखणं मुकाट सोसतात, कारण सगळे म्हणत असतात की वाचलीस ना, मग आता काय. ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला आता वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आणि नोंद आहे, म्हणजे ते तुमच्या मनातलं नाही.

तुम्ही वापरलेले शब्द फार उपयोगाचे आहेत. ठणका, ठसठस, ओढ हे बहुतेक जखमेचं आणि स्नायूंचं बोलणं. आग, चमक, मुंग्या, कपड्याचा स्पर्श न सोसणं हे नसेचं. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक संवेदनेची नस असते, ती गाठी काढताना ताणली किंवा कापली जाऊ शकते, सर्जन कितीही चांगला असला तरी. अशा दुखण्यावर नेहमीच्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही म्हणून तुम्हाला वाटत असेल की काहीच लागू पडत नाही. त्यावर वेगळी औषधं आहेत, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, ती तुमच्या इतर औषधांशी जुळतात का ते बघून द्यावी लागतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरनंतर बऱ्याच जणींना देतात ती गोळी) चालू असेल तर ते आवर्जून सांगा कारण ड्युलॉक्सेटिन त्याच्या कामात आड येऊ शकतं.

सुयांचा उपयोग होऊ शकतो, माझ्याकडे अशा बायकांना होतोही, आग कमी होते, झोप सुधारते. पण तो दोन-तीन सेशनमध्ये ठरत नाही, सहा-आठ वेळा करून बघायचं, तोवर काहीच फरक नसेल तर थांबायचं आणि लावणाऱ्यानेही प्रामाणिकपणे थांबा म्हणायला हवं. गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर मी सुया लावत नाही, तिथे पाणी धरून हात सुजण्याचा धोका असतो, दुसरा हात आणि पाय पुरतात. छातीवरही माझा हात आखडता असतो. ऑपरेशननंतर तिथे मांस कमी असतं आणि खाली लगेच फुप्फुस. सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. फार क्वचित होतं, पण होतं, आणि त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे छाती-पाठीवर सुया लावल्यानंतर दम लागला तर झोप काढून बघू म्हणायचं नाही, तडक हॉस्पिटल. केमो चालू असेल तर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी बघितल्याशिवाय सुया नाहीत.

आणि खांदा हलवत राहा. दुखतं म्हणून हात अंगाशी धरून ठेवला की खांदा आखडतो आणि मग दुखण्यात दुखणं.

प्रश्न : पेसमेकर आहे. नुकतंच प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. सुया चालतील?

उत्तर : काका, साध्या सुया चालतात, करंटवाल्या नाहीत. तुमच्या कार्डिओलॉजिस्टनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय टेन्सचं (कातडीवरून करंट देणारं) मशीनही नको. हृदयात कृत्रिम झडप असेल तर कानात दिवसेंदिवस ठेवायच्या छोट्या सुयाही टाळायच्या. सुया दर वेळी नव्या पाकिटातून, तुमच्या डोळ्यांसमोर फोडलेल्या, हे सगळ्यांसाठीच. विचारायला संकोच करू नका.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे, टॉन्सिल काढायचे ठरलेत. त्याला इंजेक्शनची प्रचंड भीती. मावशी म्हणते अ‍ॅक्युपंक्चर कर, गोळ्या वाचतील. त्याला कसं तयार करू?

उत्तर : ही सुई इंजेक्शनची नसते, पोकळ नसते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, केसाच्या साधारण तीन पट. टोचताना मुंगी चावल्यासारखं, नंतर जडपणा. त्याला ती आधी हातात घेऊन बघू द्या, स्वतःच्या नाहीतर तुमच्या हातावर लावलेली बघू द्या. तरी नको म्हणाला तर नको. मळमळीसाठी वर सांगितलेला मनगटाचा पॉइंट बोटाने दाबता येतो, तो त्याचा तो दाबेल.

गोळ्या मात्र वाचवायच्या नाहीत. टॉन्सिलनंतर पहिला आठवडा चांगलाच दुखतं, कानापर्यंत कळ जाते, आणि दुखतं म्हणून मुलं पाणी पीत नाहीत आणि पाणी न प्यायल्याने आणखी दुखतं. पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी दिलेल्या डोसात, रात्रीचा डोससुद्धा उठवून. कोडीन आणि ट्रामाडॉल घरात पडलेलं असेल तर ते त्याला देऊ नका, १८ वर्षांखालच्या मुलांना ह्या ऑपरेशननंतर ही दोन्ही देऊ नयेत असं अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने बजावलंय कारण काही मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झालेत. आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून पुढे खपली सुटते, तेव्हा तोंडातून ताजं लाल रक्त आलं तर थोडंसं असलं तरी लगेच हॉस्पिटलला न्यायचं, निघताना त्याला बसतं ठेवा आणि रक्त गिळू नको, थुंक म्हणून सांगा.